सूचनापेटीची किल्ली कोणाकडे?

मी ज्या महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले, तेथे कार्यालयाच्या दाराशी एक लाकडी सूचनापेटी टांगलेली होती. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘आपल्या सूचनांचे स्वागत आहे’ असे लिहिलेले असे. माझ्या निवृत्तीच्या वर्षी इमारतीची रंगरंगोटी निघाली तेव्हा ती पेटी भिंतीवरून उतरवली गेली. किल्ली कोणाजवळच नव्हती. अखेर शिपायाने कुलूप तोडले. आत बसची तिकिटे, चण्याच्या पुड्यांचे कागद आणि तळाशी ग्रंथालय संध्याकाळी उघडे ठेवावे अशी मागणी करणाऱ्या काही चिठ्ठ्या निघाल्या. त्यांतील एकीवर वीस वर्षांपूर्वीची तारीख होती.

या पेटीची आठवण गेल्या दिवाळीत पुन्हा झाली. पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारा माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. बोलण्याच्या ओघात तो म्हणाला, ‘सर, आमच्या क्षेत्रात तुमची लोकशाही केव्हाच आली. हजारो डेव्हलपर अभिप्राय देतात आणि त्यातूनच फ्रेमवर्क सुधारत जाते.’ मी त्याला विचारले, ‘पण निर्णय कोण घेतो?’ तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘ते त्या-त्या फ्रेमवर्कवर अवलंबून आहे.’ सगळा प्रश्न या ‘अवलंबून आहे’मध्ये दडलेला आहे, आणि व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांतून तो हमखास वगळला जातो.

आपल्या चळवळीतील अनेक साथींना हा विषय परका वाटेल याची मला कल्पना आहे. ‘संगणकाच्या भानगडीत आपण कशाला पडायचे?’ असे एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला तोंडावर विचारलेही. माझे उत्तर साधे आहे. उत्पादनाचे साधन कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न गिरणीच्या दारापर्यंत विचारायचा आणि संगणकाच्या दाराशी पोचताच विसरायचा, हा समाजवाद नव्हे, सोयवाद आहे. आज पतपेढीचा हिशेब, रुग्णालयाची नोंद, शेतकऱ्याचा अर्ज, विद्यार्थ्याचा प्रवेश हे सारे सॉफ्टवेअरवर चालते. आणि ते सॉफ्टवेअर कोणी कोऱ्या पाटीवरून लिहीत नाही. प्रत्येकाला लागणाऱ्या सामायिक गोष्टी, म्हणजे वापरणाऱ्याची ओळख पटवणे, माहिती साठवणे, अर्ज तपासणे, पाने दाखवणे, एका तयार सांगाड्यात आधीच बसवलेल्या असतात. त्या सांगाड्याला फ्रेमवर्क म्हणतात. घर बांधणाऱ्याला पाया, खांब आणि नळजोडणी तयार मिळावी, तसा हा प्रकार आहे. तेव्हा त्या पायाला तडा गेला तर तो कोणाला सांगायचा, आणि सांगितल्यावर तो बुजवण्याची सक्ती कोणावर असते, हा घरात राहणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न ठरतो.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तेथील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या स्थानिक दैनिकाच्या कचेरीत 2003 साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या दोन तरुणांनी पायथॉन या संगणकीय भाषेत एक फ्रेमवर्क रचायला सुरुवात केली. बातमीदारांना पाने तातडीने हवी असत. मुदत दिवसांची नव्हे, तासांची असे. या धावपळीतून जे घडले त्याला जँगो रेनहार्ट या जॅझ गिटारवादकाच्या नावावरून ‘जँगो’ म्हटले गेले. जुलै 2005 मध्ये दैनिकाच्या चालकांनी ते मुक्त परवान्याखाली जगाला देऊन टाकले. एखाद्या गावच्या वर्तमानपत्राने आपली छपाईची नवी यंत्रणा नकाशासह चव्हाट्यावर ठेवावी, तशी ही गोष्ट झाली. (आपल्याकडच्या जिल्हा-दैनिकांच्या मालकांना हे वाचून काय वाटेल, कोण जाणे!)

जगाने ते हाती घेतले आणि लगेच तक्रारी येऊ लागल्या. मूळ रचनेत पुष्कळ ‘जादू’ होती. लेखकाने एका ठिकाणी लिहिलेली माहितीची व्याख्या भलत्याच ठिकाणी आपोआप प्रकट होत असे. एका कचेरीतील चार मित्रांना ती सोय वाटत होती. परंतु दूरच्या नवख्याला चूक कोठे झाली हे शोधता येईना. कर्त्यांनी काय केले? नव्या वापरणाऱ्यांना अडाणी ठरवले नाही. 2006 साली त्यांनी ही सारी जादू मुळापासून उपटून काढली, आणि स्वतःच लिहिलेला कोड मोडला. त्या कामाचे नावच ‘जादूचे उच्चाटन’ असे होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या साथींनी नोंद घ्यावी, इतके ते नाव समर्पक आहे.

दुसरी गोष्ट याहून बोलकी. चालू असलेल्या यंत्रणेत माहितीची रचना बदलायची, म्हणजे उदाहरणार्थ सभासदांच्या नोंदीत एक नवा रकाना घालायचा, तर जँगोत त्याची सोय नव्हती. अँड्र्यू गॉडविन या ब्रिटिश प्रोग्रॅमरने ‘साउथ’ नावाचे एक वेगळे साधन लिहून ती उणीव बाहेरून भरून काढली, आणि वर्षानुवर्षे लोक तेच जोडून काम भागवत राहिले. पुढे ही सोय मूळ फ्रेमवर्कमध्येच हवी, असे सर्वांना पटले. 2013 साली त्या कामासाठी जाहीर वर्गणी काढण्यात आली. मागितली होती त्याच्या कितीतरी पट रक्कम वापरणाऱ्यांनीच दिली. सप्टेंबर 2014 मध्ये निघालेल्या 1.7 या आवृत्तीत ती सोय मूळ अंगाचा भाग झाली. येथे अभिप्राय म्हणजे चिठ्ठी नव्हती. गरज ओळखणारा, तोडगा काढणारा, पैसे देणारा आणि तो तोडगा स्वीकारणारा हे सारे एकाच समुदायातील होते, आणि सुधारणा घडली ती त्यामुळे.

त्याच्या रोजच्या कामाची रीतही पाहण्याजोगी आहे. तक्रार उघड नोंदवहीत क्रमांकाने नोंदली जाते. ती खरी आहे का, हे दुसरा कोणी पडताळतो. दुरुस्ती लिहिणाऱ्याने आपल्याच दुरुस्तीवर ‘तयार’ असा शेरा मारायचा नसतो. तो तिसऱ्याने मारायचा. तक्रार फेटाळली तर कारण लिहिले जाते, आणि ते न पटल्यास प्रकरण सर्वांच्या चर्चेपुढे नेता येते. 2014 साली याच नोंदवहीतून वाद उभा राहिला की, माहितीच्या मूळ आणि नकल प्रतींना इंग्रजीत ‘मालक’ आणि ‘गुलाम’ म्हणण्याची रूढी जँगोच्या मार्गदर्शिकेत का असावी. पुष्कळ आदळआपट झाली, आणि ते शब्द गेले. शब्द बदलून गुलामी जात नाही हे मलाही कळते. पण शब्द बदलण्याचा प्रस्ताव कोणीही मांडू शकतो आणि तो मंजूर होऊ शकतो, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

आणि सत्तेचे काय? 2008 साली जँगोसाठी स्वतंत्र ना-नफा प्रतिष्ठान स्थापन झाले. जानेवारी 2014 मध्ये होलोव्हाटी आणि जेकब कॅप्लन-मॉस यांनी ‘तहहयात परोपकारी हुकूमशहा’ हे आपले अर्धे विनोदी पद सोडले. मार्च 2020 मध्ये तर ‘गाभ्याचा गट’ ही खास मंडळींची जातच बरखास्त करून निवडलेल्या तांत्रिक मंडळाकडे अंतिम निर्णय सोपवण्यात आला. आपल्याकडे पक्ष, संस्था आणि कारखाने यांच्या संस्थापकांनी खुर्ची सोडल्याची उदाहरणे बोटांवर मोजता येतील. म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता सिद्धान्ताकडे वळतो. जुनी सवय आहे. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ नावाचे छोटेसे पुस्तक लिहिले. संस्था बिघडू लागली की तिच्या सभासदापुढे किंवा गिऱ्हाइकापुढे दोन वाटा असतात : निघून जाणे किंवा आवाज उठवणे. हर्शमनचे निरीक्षण नायजेरियाच्या रेल्वेवरून सुरू होते. मालमोटारींचा पर्याय उपलब्ध असूनही तेथील रेल्वे सुधारली नाही. कारण ज्यांनी मोठ्याने तक्रार केली असती तेच गिऱ्हाईक मालमोटारींकडे निघून गेले, आणि तोट्याची फिकीर नसलेल्या रेल्वेला त्यांच्या जाण्याचे सोयरसुतक नव्हते. म्हणजे निघून जाण्याची वाट कधीकधी आवाजाला दुबळा करते.

मुक्त परवान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र या सिद्धान्ताला एक विलक्षण कलाटणी मिळते. येथे रागावून उतरणारा प्रवासी रूळ, इंजिने आणि स्थानके यांची हुबेहूब प्रत बरोबर घेऊन जाऊ शकतो, आणि मूळ रेल्वे तरीही जागच्या जागी राहते. अशा प्रवाशाचा आवाज स्टेशनमास्तरला ऐकावाच लागतो. अभिप्रायाने फ्रेमवर्क सुधारते हे वाक्य खरे आहे. पण ते ज्या कारणाने खरे आहे ते कारण कर्त्यांचा मनमिळाऊपणा नसून वापरणाऱ्याच्या हातातील हा अधिकार आहे. अधिकार काढून घ्या, मग उरतात त्या अर्ज-विनंत्या. मवाळांच्या काळात आपल्या देशाने त्या पुष्कळ केल्या आहेत.

याची साक्ष हवी असेल तर नोड या जावास्क्रिप्टच्या मंचाचा इतिहास पाहावा. नोड म्हणजे फ्रेमवर्क नव्हे, तर अनेक फ्रेमवर्कांच्या खालची जमीन. रायन डाल याने 2009 साली ते निर्माण केले. त्याच्या नावावरचा व्यापारी हक्क जॉयंट या कंपनीकडे होता. मार्च 2013 नंतर जवळजवळ दोन वर्षे मोठी स्थिर आवृत्तीच निघाली नाही. काम करणारे प्रमुख लोक कुरकुरत होते, समजावत होते, बैठका घेत होते. कंपनीने सल्लागार मंडळ नेमले. हे सल्लागार मंडळ म्हणजे आपली लाकडी पेटीच होय. डिसेंबर 2014 मध्ये या लोकांनी सारा कोड उचलला आणि ‘आयओ’ या नव्या नावाने वेगळी चूल मांडली. जानेवारी 2015 मध्ये पहिली आवृत्ती निघाली, आणि पुढच्या आवृत्त्या झपाट्याने निघू लागल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात दोन्ही चुली पुन्हा एक झाल्या. पण आता घर कंपनीचे नव्हते, स्वतंत्र प्रतिष्ठानाचे होते. दीड वर्षाच्या आर्जवांनी जे घडले नाही ते नऊ महिन्यांच्या संपाने घडले. होय, मी त्याला संपच म्हणतो. फरक एवढाच की या संपात कामगारांनी गिरणी बंद पाडली नाही, शेजारी दुसरी उभी केली.

मोठ्या कंपन्या हे ओळखून आहेत. ऑक्टोबर 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या डॉटनेट 6 या फ्रेमवर्कमधून ऐन वेळी एक सोय काढून घेतली. प्रोग्रॅम चालू असतानाच कोडमधील बदल त्यात उमटावा अशी ती सोय होती, आणि पूर्वपरीक्षणाच्या आवृत्त्यांतून लोकांनी ती महिनोन्‌महिने तपासून दिली होती. आता ती कंपनीच्या व्हिज्युअल स्टुडिओ या स्वतःच्या साधनापुरती राखून ठेवण्याचा बेत होता. सरळ भाषेत सांगायचे तर, लोकांकडून फुकट तपासून घेतलेला माल ऐन वेळी कुंपणाआड नेण्याचा हा प्रकार होता. ओरड उठली, काढलेला कोड परत बसवण्याचे प्रस्ताव बाहेरच्यांनीच मांडले, आणि काही दिवसांतच कंपनीने चूक मान्य करून सोय परत दिली. ‘आम्ही समुदायाचे ऐकतो’ असे तिच्या कौतुकाने सांगितले गेले. पण तो कोड मुक्त परवान्याखाली उघड नसता, तर काय काढले हे तरी कोणाला दिसले असते? आणि ओरडणाऱ्यांची भीती कोणी का बाळगली असती?

येथपर्यंत माझ्या विद्यार्थ्याला आनंद वाटेल. यापुढे त्याला आणि आपल्यालाही अडचणीचे आहे.

अभिप्राय हा श्रम आहे. चांगली तक्रार लिहायची म्हणजे बिघाड पुन्हा घडवून पाहायचा, त्याचे सर्वांत लहान उदाहरण तयार करायचे, कोणत्या आवृत्तीत तो होतो आणि कोणत्या आवृत्तीत होत नाही हे तपासायचे. त्यात संध्याकाळच्या संध्याकाळ जातात. गिरणीत या कामाला गुणवत्ता-तपासनीस ठेवावा लागे आणि त्याला पगार द्यावा लागे. सॉफ्टवेअरच्या धंद्याने हे काम ‘समुदाय’ या गोड शब्दाखाली ताळेबंदाबाहेर ढकलले आहे. जँगोवर उभी राहिलेली इन्स्टाग्राम ही कंपनी विकत घेण्याचा करार फेसबुकने 2012 साली जाहीर केला, तो शंभर कोटी डॉलरांचा. त्या किमतीत अनाम तक्रारकर्त्यांच्या आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या किती संध्याकाळी मुरल्या होत्या, हे मोजण्याची रीत ना कंपनीच्या हिशेबात आहे, ना राष्ट्रीय उत्पन्नाच्या. वरकड मूल्याचा सिद्धान्त कालबाह्य झाला असे म्हणणाऱ्यांनी या उदाहरणावर जरा विचार करावा.

ओझे देणाऱ्यावर जेवढे, त्याहून अधिक घेणाऱ्यावर असते. हजारो मागण्यांच्या दुसऱ्या टोकाला बहुधा एखादा थकलेला, बिनपगारी माणूस बसलेला असतो. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या नावाच्या, असंख्य लिनक्स संगणकांवर असलेल्या छोट्या साधनात चोरवाट घातल्याचे उघडकीस आले. ते साधन सांभाळणारा जवळजवळ एकटा होता. त्याच्यावर काही अनोळखी नावांनी ‘काम मंदावले आहे, दुसऱ्याला हाती द्या’ असा अभिप्रायांचा मारा 2022 पासून झाला होता. त्या दडपणाखाली ज्याला अधिकार मिळाला त्यानेच पुढे घात केला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला आणि त्याने पाठपुरावा केला, म्हणून अनर्थ टळला. तेव्हा ‘अभिप्राय’ म्हटला की तो पवित्रच, असे मानण्याचे कारण नाही. जँगो-प्रतिष्ठानाने 2014 पासून देणग्यांतून पगारी सेवक नेमले, त्यांचे काम मुख्यतः आलेल्या तक्रारी वाचणे, चाळणे आणि दुरुस्त्या तपासणे हे आहे. मला जँगोतील सर्वांत समाजवादी गोष्ट कोणती वाटत असेल तर ही! ऐकण्याच्या श्रमालाही वेतन असावे हे तेथे कोणाला तरी सुचले.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामायिक संपत्तीच्या अभ्यासासाठी. चराऊ राने, कालवे, मासेमारी यांचे व्यवहार शतकानुशतके टिकले ते कोठे, तर जेथे नियमांची झळ ज्यांना लागते त्यांना ते नियम बदलण्यात भाग घेता येतो तेथे, असे त्यांनी दाखवून दिले. ही कसोटी मी हिंजवडीला लावून पाहिली. झळ पुण्याच्या प्रोग्रॅमरला लागते. तो रोज दहा-दहा तास ही फ्रेमवर्के वापरतो, त्यांचे खाचखळगे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसतील. पायथॉनची अखिल भारतीय परिषद 2011 साली पुण्यातच भरली होती. म्हणजे हौसेची आणि बुद्धीची वाण नाही. मग तो बोलत का नाही?

हा प्रश्न मी फराळाच्या ताटावरच विचारला. तो हसला. त्याला जँगोतील एक चूक दोन वर्षांपासून माहीत होती, तिची सात ओळींची दुरुस्तीही त्याने करून ठेवली होती. ती कंपनीच्या कामात रोज वापरली जाते, पण बाहेर दिली गेलेली नाही. मी म्हटले, ‘अरे, मग देऊन टाक!’ तो म्हणाला, ‘सर, मी नोकरीच्या काळात जे काही लिहीन, घरी, रविवारी, स्वतःच्या संगणकावर, ते सगळे कंपनीचे. तसे सही करून दिले आहे. परवानगी मागायची तर कायदा-विभागाचा अर्ज असतो. एकदा भरला होता. उत्तर आले नाही.’

परवान्याने दिलेला अधिकार नोकरीच्या करारनाम्याने असा काढून घेतला जातो. कॅन्ससमध्ये उघडलेली पेटी हिंजवडीत पुन्हा कुलूपबंद होते. मुक्त सॉफ्टवेअरचे आपले भाबडे भक्त या कलमाबद्दल बोलत नाहीत, कारण त्यांना ते तंत्रज्ञानाबाहेरचे वाटते. आणि आपले कामगार-नेते बोलत नाहीत, कारण त्यांना ते कामगारांबाहेरचे वाटते. लठ्ठ पगार घेणाऱ्यांना संघटना कशाला, हे मालकांचे वाक्य आपल्या सभांतूनही मी ऐकले आहे. प्रश्न पगाराचा नाही. कारागिराने आपल्या हत्याराला धार लावायची की नाही, हे ठरवण्याचा हक्क येथे कारागिराकडून गेला आहे.

म्हणून आयटी कर्मचाऱ्यांमध्ये काम करणाऱ्या आपल्या साथींपुढे मी दोन मागण्या ठेवतो. मोकळ्या वेळेत, कंपनीचे गुपित न फोडता, मुक्त सॉफ्टवेअरसाठी लिहिलेला कोड लिहिणाऱ्याचाच राहील, असे कलम प्रत्येक नेमणूकपत्रात हवे. आणि कंपनी जी फ्रेमवर्के फुकट वापरते, त्यांच्या दुरुस्तीसाठी कामाच्या आठवड्यातील काही तास पगारासह मिळाले पाहिजेत. तिसरी मागणी सरकारकडे. केंद्राने 2015 साली सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. मग लोकांच्या पैशाने ठेकेदार जे सॉफ्टवेअर लिहितात त्याचा कोड आणि त्यावरील तक्रारींची नोंदवही लोकांना का दिसू नये? तलाठी कार्यालयातील संगणकावर अर्ज अडला, तर तो कोणत्या चुकीमुळे अडला आणि ती चूक किती दिवस तशीच पडून आहे, हे शेतकऱ्याच्या शिकलेल्या मुलीला पाहता आले पाहिजे. जमल्यास दुरुस्तही करता आले पाहिजे.

‘यामुळे कंपन्या बंगलोरला जातील,’ असा धाक घातला जाईल. बंगलोरच्या करारनाम्यांतही हेच कलम असते असे माझा विद्यार्थी सांगतो. तेव्हा मागणी तेथेही करता येईल.

जाताना त्याने आपल्या करारनाम्याची एक प्रत, नाव खोडून, माझ्याजवळ ठेवली. अकरा पाने आहेत. ते कलम आठव्या पानावर, बारीक टाइपात आहे. त्यात ‘अभिप्राय’ हा शब्दही एकदा येतो. कर्मचाऱ्याने दिलेले सर्व अभिप्राय ही कंपनीची मालमत्ता राहील, असे तेथे लिहिलेले आहे.